कोंडाजीचा कावळा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी प्रत्येकाने ओळखीच्या एका माणसाविषयी लिहायचं ठरलं. मला लिहायची सवय नाही. मी विचार करत बसलो तोवर इतरांनी सगळी मोठी माणसं घेऊन टाकली. मग मी शेजारचा कोंडाजी घेतला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिवा की पाव्हणं. फकस्त मोबाईलची बदनामी करू नका."

मी मूळचा सोलापूरकडचा. नोकरी भोसरीच्या एका वर्कशॉपात केली, चाकणजवळच्या या गावात घर बांधलं, इथेच केस पिकले. तरी कोंडाजीच्या लेखी मी अजून पाहुणाच आहे.

कोंडाजी एका कंपनीत पॅकिंगला होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या सुनेने, रश्मीने, आपला जुना मोबाईल त्याला दिला. "मामा, तुमचा वेळ जाईल," असं ती म्हणाली होती. कोंडाजीचा वेळ काही गेला नाही, बाकी सगळ्यांचा जाऊ लागला.

त्याला मोबाईलवर सिनेमा नको असे, बातम्या नको असत. त्याला हव्या असत जगभरच्या रिकामटेकड्या आणि हुशार माणसांनी काढलेल्या युक्त्या. सकाळी मी दात घासत असलो की भिंतीपलीकडून त्याचं डोकं वर येई आणि पाठोपाठ मोबाईल. "पाव्हणं, हे बघा." कुठल्याशा थंड देशातला एक जाडजूड माणूस लाकडं फोडत असे. त्याने ओंडक्याभोवती गाडीचा जुना टायर बसवलेला असे, त्यामुळे कितीही घाव घातले तरी ढलप्या इकडेतिकडे उडत नसत. फुटलेलं लाकूड टायरमध्येच उभं.

"बघितलं का? टायर आपल्याकडं बी हाय, लाकूड बी हाय. डोस्कं चाललं का कुणाचं?"

मी तोंडात फेस असल्यामुळे मान हलवत असे.

"आन् फुकट सांगतोय बघा. ना वळख ना पाळख. आपला भाऊबंद बांधाचा दगड कवा सरकवला ते सांगत न्हाई, आन् हा बाबा तिकडनं बसून मला लाकडं फोडायला शिकवतोय."

हे म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरून येत. मला वाटतं, त्याला युक्तीपेक्षा त्या फुकट सांगण्याचंच जास्त कौतुक होतं. कुणी एवढं मनापासून सांगतंय तर आपण ते करून बघितलंच पाहिजे, नाहीतर त्याचा अपमान होईल, अशी त्याची समजूत होती. आणि इथूनच ठकुबाईचे हाल सुरू होत.

ठकुबाई ही त्याची बायको. अंगाने लहान आणि आवाजाने मोठी. दोन भांड्यांची तोंडं एकमेकांवर धरून आत लसणाच्या पाकळ्या खळखळा हलवल्या की सालं सुटतात, हे कोंडाजीने तिला दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "मला काय हात न्हाईत का?" पण तो बाहेर गेला की त्यांच्या स्वयंपाकघरातून खळखळ ऐकू येई. तो घरी आला की थांबे.

म्हशीवरच्या माश्यांसाठी त्याने जुन्या पंख्याच्या पात्यांना गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या आणि पंखा गोठ्यात टांगला. माश्या गेल्या. पण म्हशीला त्या वाऱ्याची अशी सवय लागली की वीज गेली की ती लाथ मारून चरवी उडवू लागली. ठकुबाई मला ऐकू जाईल अशा बेताने बोले, "पयल्यांदा म्हशीला पेंड लागायची. आता लाइट लागती. उद्या म्हनंल मोबाईल द्या."

असं ती त्याला दिवसभर बोले. पण दुसऱ्या कुणी त्याला बोललेलं तिला चालत नसे. सगळं घडलं ते यातूनच.

ठकुबाईचा भाऊ अर्जुनराव पलीकडच्या गावात राहतो. कंपनीत सुपरवायझर आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागतं. त्याने नवा बंगला बांधला, वास्तुशांतीला गाव जेवायला बोलावलं आणि ताकाची व्यवस्था हौसेने मागून घेतलेल्या कोंडाजीवर सोपवली. कोंडाजीने मोबाईलवर एक माणूस भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिल मशीनला रवी लावून ताक घुसळताना बघितला होता. त्या माणसासमोर लहानशी बादली होती. कोंडाजीसमोर पिंप होतं, म्हणून त्याने मशीनही मोठं आणलं.

मी तिथे हजर होतो. मशीन सुरू झाल्यावर क्षणभर दही जागचं हललं नाही, मग सगळंच एकदम हललं. हॉलच्या भिंती, झुंबर, सत्कारासाठी रांगेत मांडलेल्या शाली आणि त्या घ्यायला आलेले पाहुणे, कुणीच त्यातून सुटलं नाही. कोंडाजी स्वतः डोळ्यांवरचं दही पुसत म्हणाला, "लोणी मात्र झ्याक निघालंय."

अर्जुनराव चारचौघांत ओरडला, "दाजी, तुमी आला नसता तरी चाललं असतं!"

ठकुबाईने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "जिथं माज्या मालकाला 'या' म्हनत न्हाईत, तिथं मी पानी पिनार न्हाई." आणि दोघंही न जेवता निघून आली. वाटेत तिने त्याला काय काय ऐकवलं ते मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून तिचं माहेर तुटलं. आई, कौशल्याबाई, तेव्हा नव्वदीकडे झुकलेली. ठकुबाई आईला भेटायला जाई, पण भावाच्या घरात पाऊल टाकत नसे. समोरच्या पारावर बसे. मग म्हातारी काठी टेकत घराबाहेर येई आणि दोघी पारावर बसून बोलत. म्हातारी प्रत्येक वेळी म्हणे, "लेकीला आन् जावयाला एकदा माज्या दारात बघू दे रं अर्जुना." अर्जुनराव म्हणे, "मी कुठं नको म्हनतोय? येऊ दे की ताईला." ताईला. जावयाचं नाव तो घेत नसे, आणि तेवढ्यासाठी ठकुबाई पारावरून उठत नसे.

आता कावळ्याकडे येतो.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर बरीच गर्दी असते. पूर्वी त्यात दिवस गेला तरी कुणाचं काही अडत नसे. आता निम्म्या लोकांना सेकंड शिफ्ट असते. त्यात कावळे कमी झाले. जिथे आंबे आणि चिंचा होत्या तिथे कंपन्यांच्या शेड आल्या, आणि तापलेल्या पत्र्यावर कावळा कशाला बसेल? पिंड ठेवून लोक ताटकळत उभे राहतात. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली, असं मानून घरचे हात जोडून एकेक शब्द देऊ लागतात. तरीही आला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, पण ते कमीपणाचं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या सोनबाच्या वडिलांच्या दहाव्याला असाच खोळंबा झाला होता. कंपनीच्या बसची वेळ होत आलेली. सोनबाने "आण्णा, सगळ्यांना सांभाळीन" म्हणून झालं, "शेत विकणार नाही" म्हणून झालं. शेवटी त्याने बायकोकडे चोरून बघितलं आणि घसा खाकरला. "आण्णा, मी दारू..."

एवढ्यात झाडाकडून काव काव सुरू झाली. एक नाही, चांगले पाच-सहा कावळे ओरडत असल्यासारखं. पाठोपाठ कुठून कुठून खरे कावळे आले आणि पिंडावर तुटून पडले. लोक बघतात तर कोंडाजी झाडाखाली उभा, मोबाईल उंच धरून. कुठल्या तरी देशात एका माणसाने कावळ्यांना बोलवायचा आवाज लोकांसाठी टाकून ठेवला होता. कोंडाजीने तो शोधून काढला होता.

"त्या बाबाची भाषा कळत न्हाई," तो मला म्हणाला, "पर कावळ्यांची सगळीकडं एकच असती."

त्या दिवशी बस कुणाचीच चुकली नाही. कोंडाजीचं नाव झालं. आसपासच्या गावांतून त्याला बोलावणी येऊ लागली. त्याच्या मुलाने एक छोटा स्पीकर आणून दिला. तो झाडावर बांधायचा आणि मोबाईल खाली हातात. पुढे पुढे तर दहाव्याच्या सामानात तीळ, दर्भ यांच्याबरोबर लोक कोंडाजीचा स्पीकरही धरू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्याची एक युक्ती चारचौघांत लागू पडली होती. तो ताठ मानेने चालू लागला.

फक्त दोन बायका खूश नव्हत्या. एक सोनबाची बायको. आणि दुसरी ठकुबाई.

"त्या माउलीचं काम व्हत आलं व्हतं," ती कोंडाजीला म्हणाली. "ते लाकूड तोंडातनं शब्द काढीत व्हतं. तुमी कावळा आनलात आन् त्येची सुटका केलीत. आजपतोर पितोय."

"मी कावळा बोलवला. दारू न्हाई पाजली."

"अवो, कावळा उशिरा येतो ते उगाच न्हाई येत."

मला आठवतं, त्या दिवशी त्याने मला एकही व्हिडिओ दाखवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कौशल्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या. ठकुबाई धावत गेली, मातीला उभी राहिली, आणि संध्याकाळी परत येताना भावाच्या घरातलं पाणी न पिता आली. भाऊ-बहीण गळ्यात पडून रडले होते. पण मेहुण्याशी अर्जुनराव बोलला नाही, आणि त्यामुळे काही मिटलं नाही.

दहाव्याच्या सकाळी ठकुबाई कोंडाजीला म्हणाली, "आज ते वाजवायचं न्हाई."

"न्हाई वाजवत."

"आईचा जीव कशात अडकलाय ते समद्यांना ठावं हाय. अर्जुनाला बोलू दे."

नदीवर पोचलो तर सोनबा आधीच झाडावर चढून स्पीकर बांधून तिथेच फांदीवर बसलेला. स्पीकर त्याच्याकडेच असे आणि त्याला कुणी सांगावं लागत नसे, सवय झाली होती. कोंडाजीने मोबाईल सदऱ्याच्या आतल्या खिशात खोल घातला आणि माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला.

पिंड ठेवलं. बाजूला म्हातारीच्या आवडीचं सगळं होतं. द्रोणात चहा, दोन खाऱ्या, मिश्रीची डबी. कावळे होते, पण नदीपलीकडे विजेच्या तारेवर, आमच्याकडे पाठ करून.

गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला."

काय राहिलं होतं ते नदीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. अर्जुनराव हात जोडून पुढे झाला. "आई, तुज्या नावानं देवळात फरशी बसवतो."

कावळे हलले नाहीत.

"आई, दरसाल शाळंत वह्या वाटीन."

त्याची चुलती मागून म्हणाली, "आरं, तिला शाळंची पायरी चढू दिली न्हाई कुणी. वह्या काय करायच्यात तिला?"

"आई, तुजा फोटो मोठा करून हॉलमधी लावीन."

"त्या हॉलमधीच तर समदा घोळ झाला," चुलती म्हणाली. मागे कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं.

ऊन चढत होतं. लोक मनगटाकडे बघू लागले. अर्जुनराव हळूहळू एकेक पाऊल बाजूला सरकत सरकत कोंडाजीच्या जवळ आला. तोंड नदीकडेच ठेवून म्हणाला, "दाजी."

दोन वर्षांनी पहिला शब्द.

"काय?"

"वाजवा की."

कोंडाजीने पलीकडे बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या ठकुबाईकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती.

"चार्जिंग न्हाई," कोंडाजी म्हणाला.

"आवो, गाडीतनं उतरताना तर बघत व्हता कायतरी!"

"तवाच संपलं."

सगळा गाव ज्याच्याकडे आशेने बघतोय असा माणूस आपलं यंत्र खिशात ठेवून खोटं बोलतोय, हे मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्याला ते फार जड जात होतं.

अर्जुनराव परत पिंडापुढे गेला. मग म्हणाला, "आई, ताईला माहेरपनाला आनीन. यात्रेला, दिवाळीला, कवाबी."

ठकुबाईने मान वर केली नाही. कावळ्यांनीही नाही.

"एकटीलाच?" चुलती म्हणाली.

अर्जुनरावचे कान लाल झाले. "दाजींना बी."

"दाजींना बी काय?"

"दाजींना बी आनीन! मान देऊन आनीन. आन् त्या दिशी जे बोललो ते मी बोलायला नको व्हतं. झालं?" हे 'झालं' त्याने चुलतीला म्हटलं की आईला, ते मला सांगता येणार नाही. पण त्याचा आवाज फाटला होता.

ठकुबाईने पदर डोळ्यांना लावला. कोंडाजीही नाक पुसत होता. आणि त्याच हाताने त्याने खिशात काहीतरी चाचपलं.

मी दबक्या आवाजात म्हणालो, "कोंडाजी, नको."

"आता काय हरकत हाय पाव्हणं? बोलून झालंय. आता जर कावळा आला न्हाई तर त्येला वाटंल, आईला पटलं न्हाई. शब्द माघारी घेतला तर?"

त्याने खिशातल्या खिशात बोट दाबलं. एरवी तो आधी मोबाईल हातात घेऊन, आवाज बंद करून, सुरुवातीची जाहिरात जाऊ देत असे आणि मग आवाज वाढवत असे. खिशात हे जमण्यासारखं नव्हतं.

झाडावरून गोड संगीत सुरू झालं. मग त्याहून गोड आवाजात एक बाई म्हणाली, "जुन्या घराला कंटाळलात? आता तुमच्या स्वप्नातलं घर, ताथवड्यात! प्रशस्त टू बीएचके, मुबलक पाणी, मोफत पार्किंग!"

गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. सगळी नदी झाडाकडे बघू लागली. चुलतीने झाडाला हात जोडले. "अगं कौशल्ये, आता घर मागतीस व्हय? ते बी ताथवड्यात?"

"आजच साइटला भेट द्या," झाड म्हणालं. "शेवटचे काही फ्लॅट शिल्लक!"

पहिली हसली ती ठकुबाई. रडत होती आणि रडतारडताच हसायला लागली, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मग सगळ्या बायका, मग आम्ही. अर्जुनराव मात्र कोंडाजीसमोर येऊन उभा राहिला.

"चार्जिंग न्हाई म्हनला व्हता ना?"

"थोडं व्हतं," कोंडाजी म्हणाला.

अर्जुनराव त्याच्याकडे बघत राहिला. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा दोन वर्षं. पण त्याचे ओठ थरथरले, गाल फुगले, आणि तो डोकं भादरलेला, उघडाबंब माणूस आईच्या दहाव्याला गुडघ्यांवर हात ठेवून हसू लागला. "ताथवड्यात!" तो म्हणे आणि पुन्हा हसे. "आवो, तिला घराम्होरला रस्ता वलांडायला भ्या वाटायचं!"

"शिवला! शिवला!" सोनबा झाडावरून ओरडला.

आम्ही सगळे वळलो. पिंड फुटलं होतं आणि एक खारी नाहीशी झाली होती. कावळा कधी आला, कुठून आला, सोनबाशिवाय कुणीच बघितलं नव्हतं, कारण सगळे हसत होते. तेवढ्यात जाहिरात संपली आणि झाडावर उशिराची काव काव सुरू झाली. खारी घेतलेला कावळा उडून स्पीकरशेजारी बसला आणि त्याच्याकडे संशयाने बघू लागला.

मग वाद झाला. कुणी म्हणालं, कावळा शब्दाला शिवला. कुणी म्हणालं, खारीला. एकाचं म्हणणं पडलं की कावळा त्या बाईच्या आवाजाला भुलला. गुरुजींनाही पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "शिवला म्हणजे शिवला." चुलती म्हणाली, "बोलल्यावर शिवला, आधी न्हाई. शब्द पाळ रं अर्जुना."

अर्जुनरावने पाळला. त्यांच्या गावच्या यात्रेला तो स्वतः गाडी घेऊन कोंडाजीच्या दारात आला. चहा प्यायला. ठकुबाई नवं लुगडं नेसून कधीची तयार होती. कोंडाजी निघताना अर्जुनराव जरा अवघडून म्हणाला, "दाजी, एक सांगू का? राग मानू नका. हात हलवत या. मोबाईल राहू द्या घरी."

कोंडाजीने मुकाट्याने खिशातून मोबाईल काढला आणि भिंतीवरून माझ्याकडे दिला. "सांभाळा, पाव्हणं."

गाडीत बसलेली ठकुबाई खाली उतरली. माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि नवऱ्याच्या खिशात परत घातला.

"माजा मालक माज्या माहेराला काय घिऊन यील ते मी ठरवीन," ती भावाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी तिथं ताकाच्या जवळ जरी गेला ना, तर तिथनं चालत घरला यायचं. ऐकलं का?"

"ऐकलं," कोंडाजी म्हणाला.

"ताई, अगं पर भिंतींना आत्ताच रंग..."

"भिंती पुसता येतात, अर्जुना."

अर्जुनरावने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि दाजींना पुढे बसवलं.